औषध म्हणून सोडलेली पेशी शरीरात दिसली पाहिजे

नेदरलँड्समधल्या नायमेगेन येथील डॉक्टरांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांच्याच शरीरातून घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत तयार केलेल्या डेंड्रायटिक पेशींची (प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखायला शिकवणाऱ्या पेशींची) लस दिली जात होती. ही लस थेट लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथीत, टोचायची असते. टोचणारे रेडिओलॉजिस्ट अनुभवी होते आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत टोचत होते. त्या पेशींमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरले होते, त्यामुळे त्या नंतर एमआरआयवर दिसत होत्या. एमआरआय केल्यावर कळले की आठपैकी चार रुग्णांत लस लिम्फ नोडमध्ये गेलीच नव्हती. ती बाहेरच राहिली होती.

एमआरआय केलाच नसता तर काय झाले असते? त्या चार रुग्णांच्या नावापुढे ‘लसीचा उपयोग झाला नाही’ अशी नोंद झाली असती. लस पोहोचलीच नाही हे कुणालाही कळले नसते. निकालाच्या तक्त्यात औषध नापास झाले असते आणि कदाचित चांगली कल्पना तिथेच सोडून दिली गेली असती.

त्याच वर्षी जर्मनीतल्या हॅनोव्हरहून दुसरा अभ्यास आला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या हृदयधमनीत त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी सोडल्या होत्या. पेशींना किरणोत्सारी ग्लुकोजची खूण लावून सुमारे तासाभराने पेट स्कॅनखाली (शरीरातली किरणोत्सारी खूण टिपणाऱ्या यंत्राखाली) पाहिले, तर हृदयाच्या जखमी भागात जेमतेम १.३ ते २.६ टक्के पेशी उरल्या होत्या. बाकीच्या बहुतेक यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसल्या होत्या. आपल्याकडे ‘स्टेम सेल’च्या नावाने कमरेत, गुडघ्यात, मणक्यात पेशी टोचून लाखो रुपये घेणाऱ्या जाहिराती मी पाहतो तेव्हा मला हा आकडा आठवतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारे मज्जारोपण सोडले, तर स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तरीही लोक घर गहाण टाकून जातात. टोचलेल्या पेशी तासाभराने कुठे असतील, हा प्रश्न त्यांना कुणी विचारायला शिकवलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे. गोळी किंवा सलाइन शरीरात विरघळते, मूत्रपिंड-यकृतातून बाहेर पडते आणि तिचा हिशेब रक्त तपासून लागतो. पेशी हे औषध तसे नाही. ती जिवंत असते, फिरते, वाढते, थकते, कधी नको तिथे जाऊन बसते. असे औषध माणसाला द्यायचे असेल तर ते शरीरात कुठे आहे हे पाहण्याची सोय त्या औषधातच असली पाहिजे. ती सोय जनुकाच्या रूपाने घालता येते. भारतात सार्वजनिक पैशातून होणाऱ्या पेशी-उपचारांच्या चाचण्यांमध्ये, विशेषतः घट्ट गाठींच्या (रक्ताच्या नव्हे, अवयवात गाठ धरणाऱ्या) कर्करोगावरील चाचण्यांमध्ये, ती घालणे हा नियम व्हावा.

जनुकच का, लोहाचे कण किंवा किरणोत्सारी खूण का पुरत नाही? कारण बाहेरून लावलेली खूण पेशीची प्रत्येक फाळणी होताना निम्मी होत जाते, ताकात पाणी घालत जावे तशी. शिवाय पेशी मेली तरी लोहाचे कण मागे राहतात, दुसरीच एखादी भक्षक पेशी ते गिळते आणि आपल्याला वाटते की आपली पेशी अजून तिथेच आहे. जनुकाचे तसे होत नाही. पेशीच्या गुणसूत्रात बसवलेले जनुक तिच्या लेकींना आणि नातींनाही मिळते, आणि पेशी मेली की त्या जनुकापासून बनणारे प्रथिनही संपते. म्हणजे जे दिसते ते जिवंत असते. अशा जनुकांना शास्त्रज्ञ रिपोर्टर जनुक म्हणतात.

या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जेलीफिशकडून आला. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२मध्ये एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे काढले, पुढे मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी त्याचे जीवशास्त्रातले हत्यार बनवले आणि तिघांना २००८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण माणसाच्या पोटातल्या गाठीसाठी त्या हिरव्या प्रकाशाचा उपयोग नाही. प्रकाश मांसातून जाताना इतका विखुरतो की काही सेंटिमीटर खोलीवरचे नीट दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरात चालते, माणसात चालत नाही. म्हणून माणसासाठी अशी जनुके हवीत की ज्यांची खूण पेट स्कॅन, गॅमा कॅमेरा, एमआरआय किंवा सोनोग्राफीला ओळखता येईल.

पेटच्या बाबतीत हे माणसात करूनही झाले आहे. अंबाल्यात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले संजीव गंभीर हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले या क्षेत्रातले मोठे नाव. २००९मध्ये त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या गटाने मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या अर्बुदाच्या एका रुग्णाचे पेट चित्र प्रसिद्ध केले. त्या रुग्णाला कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, दिल्या होत्या आणि त्या टी-पेशींत नागिणीच्या वर्गातल्या एका विषाणूचे थायमिडीन कायनेज हे जनुक बसवले होते. एक विशिष्ट किरणोत्सारी रेणू टोचला की तो फक्त याच पेशींत अडकतो. जिथे पेशी सोडल्या तिथे तर त्या दिसल्याच, शिवाय न काढलेल्या दुसऱ्या गाठीजवळही दिसल्या. २०१७मध्ये याच पद्धतीने सात रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या दोन अभ्यासांच्या मधल्या काळात, २०१५ साली, गंभीर यांचा सोळा वर्षांचा मुलगा ग्लिओब्लास्टोमानेच गेला. ते स्वतः २०२०मध्ये कर्करोगाने गेले. आयुष्यभर ‘लवकर दिसले पाहिजे’ या एका ध्यासावर काम केलेल्या माणसाचे हे काम आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही, याची मला हळहळ वाटते.

आता हा प्रश्न आपल्या दारात कसा आला ते पाहू. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या केंद्रात, भारतातली पहिली कार-टी पेशींची उपचारपद्धती एका रुग्णाला दिली गेली. यात रुग्णाच्याच टी-पेशींत कर्करोगाची पेशी ओळखायला लावणारे जनुक घालून त्या त्याला परत देतात. आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटाच्या वॉर्डात मिळून हे औषध घडले. पहिल्या चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि बायरॅक या सरकारी संस्थेने सुमारे १९ कोटी रुपये दिले होते. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते ते देशाला अर्पण झाले. अमेरिकेत तीन-चार कोटी रुपयांना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. हे यश खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण ते यश रक्ताच्या कर्करोगातले आहे. ल्युकेमिया आणि लिम्फोमातल्या रोगट पेशी रक्तात, मज्जेत, लिम्फ नोडमध्ये असतात, म्हणजे टी-पेशी एरवीही जिथे वावरतात तिथेच. त्या तिथे पोहोचतात का, याची फारशी चिंता करावी लागत नाही, आणि औषध लागू पडले की रक्ताच्या व मज्जेच्या तपासणीत ते कळते. अशा औषधात रिपोर्टर जनुक घालाच, असा माझा हट्ट नाही.

भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग मात्र तोंडाचा आहे. गाल, हिरडी, जीभ. तंबाखू, गुटखा, सुपारी. या घट्ट गाठी आहेत, आणि घट्ट गाठींवर कार-टी पेशी रक्ताच्या कर्करोगाइतक्या भरवशाने अजून चाललेल्या नाहीत. का चालत नाहीत याची तीन-चार निरनिराळी उत्तरे असू शकतात. पेशी गाठीपर्यंत पोहोचल्याच नसतील. कडेपर्यंत पोहोचून आत शिरू शकल्या नसतील. आत शिरून थकल्या असतील. किंवा सगळ्या भलत्याच अवयवात गेल्या असतील. या प्रत्येक उत्तरावरचा उपाय वेगळा आहे. रक्ताचा नमुना यातले काहीच सांगत नाही, कारण शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींपैकी) रक्तात कोणत्याही क्षणी दोनेक टक्केच असतात. बायोप्सी सांगते, पण सुई जिथे गेली तेवढ्या एका ठिपक्याबद्दल. शिवाय मानेत, यकृतात, फुप्फुसात पसरलेल्या आजारात दर आठवड्याला सुया टोचत राहणे कुठल्याही रुग्णाला सहन होणार नाही.

भलत्याच अवयवात जाण्याची भीती कल्पनेतली नाही. २०१०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग फुप्फुसात आणि यकृतात पसरलेला हा रुग्ण होता. त्याला हर-२ हे प्रथिन ओळखणाऱ्या कार-टी पेशी दिल्या, एकदम सुमारे हजार कोटी. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांनी मृत्यू झाला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही हर-२ थोडेसे असते आणि टी-पेशींनी तेच लक्ष्य केले असावे, असे अनुमान डॉक्टरांनी काढले. २०१३मध्ये याहून चकित करणारी गोष्ट समोर आली. मेलानोमा आणि मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कर्करोग) यांच्यासाठी बनवलेल्या टी-पेशींनी हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनालाच शत्रू समजले आणि दोन रुग्ण हृदय बंद पडून गेले. हृदयात टी-पेशी साचल्या होत्या हे शवविच्छेदनात दिसले.

पहिल्या रुग्णाला स्कॅनने वाचवले असते, असा दावा मी करणार नाही. पंधरा मिनिटांत कुठला स्कॅन होतो! माझा मुद्दा त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. पेशी दिसणाऱ्या असतील तर आधी अगदी थोड्या देता येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या कुठे साचल्या ते पाहता येते आणि मगच पूर्ण मात्रेचा निर्णय घेता येतो. यासाठी आज प्राण्यांवर भरवसा ठेवला जातो. पेशी कुठकुठे जातात याचा उंदरातला अभ्यास नियामक मागतात, ते योग्यच आहे. पण माणसाच्या प्रथिनासाठी घडवलेली पेशी उंदराचे तेच प्रथिन ओळखत नाही, असे अनेकदा होते. मग उंदराचे हृदय, उंदराचे फुप्फुस अगदी सुखरूप राहते आणि त्या सुखरूपपणावर विसंबून आपण माणसाकडे जातो. टायटिनचा धोकाही आधीच्या चाचण्यांत दिसला नव्हता.

याविरुद्धचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप सुरक्षेचा. गुणसूत्रात परके जनुक घुसवले की ते भलत्या जागी बसून पेशीलाच कर्करोगी करू शकते. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवरच्या जनुकोपचारात २००२च्या सुमारास हेच घडले, काही मुलांना ल्युकेमिया झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४मध्ये कार-टी औषधांच्या माहितीपत्रकात टी-पेशींच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापायला लावला. पण हा धोका कार-टीचे मूळ जनुक घालतानाच पत्करलेला असतो. रिपोर्टर जनुक पेशीत जनुक नेणाऱ्या त्याच वाहक विषाणूत, त्याच तुकड्याला जोडून जाते, त्याच्यासाठी पेशीत वेगळी घुसखोरी होत नाही. खरी अडचण जागेची आहे. वाहक विषाणूत मावणारा मजकूर मर्यादित असतो, तुकडा लांबला की उत्पादन घटते. म्हणून लहान जनुक निवडणे हे कौशल्य आहे.

दुसरा आक्षेप असा की विषाणूचे किंवा जिवाणूचे प्रथिन दिसले की रुग्णाची प्रतिकारशक्ती त्या पेशीच मारून टाकेल. बरोबर आहे, थायमिडीन कायनेजच्या बाबतीत ही काळजी रास्तच आहे. याच कारणासाठी मी माणसाच्याच जनुकांच्या बाजूचा आहे, आणि इथे भारताच्या सोयीची एक गोष्ट दडलेली आहे.

आपल्या थायरॉइडच्या पेशींवर आयोडीन आत ओढून घेणारे एक प्रथिन असते. त्याचे जनुक १९९६मध्ये सापडले. ते जनुक टी-पेशीत घातले की टी-पेशीही आयोडीन ओढू लागते, आणि आयोडीनच्या ऐवजी टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा साधा क्षार दिला तर तोही ओढते. टेक्नेशियम ९९एम म्हणजे आपल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांचे रोजचे औषध. त्याचे अर्धे आयुष्य सहा तासांचे, ते जनरेटरमधून रुग्णालयातच काढता येते आणि वाशीची ब्रिट ही सरकारी संस्था असे जनरेटर देशभर पुरवते. त्यासाठी किरणोत्सारी द्रव्ये बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र लागत नाही, पेट स्कॅनर लागत नाही, गॅमा कॅमेरा पुरतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६०च्या दशकापासून थायरॉइडचे रुग्ण तपासले जातात, तेव्हा आयोडीन ओढणाऱ्या याच यंत्रणेचा उपयोग होतो. म्हणजे तंत्र जुने, माणसे तरबेज, फक्त पेशी नवी. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने कर्करोग मारणाऱ्या गोवराच्या विषाणूत हेच जनुक घालून तो विषाणू मायलोमाच्या रुग्णांत कुठे वाढतो आहे ते पाहिले आहे.

तोंडाच्या कर्करोगात मात्र एक खोच आहे. लाळग्रंथी आणि जठर यांच्यातही हे प्रथिन निसर्गतःच असते, त्यामुळे जबड्याजवळचे चित्र त्यांच्या उजेडात बुडून जाईल. तिथे सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाचे (ते संप्रेरक पकडणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाचे) जनुक अधिक बरे पडेल, असे मला वाटते. तेही माणसाचेच. त्याला ओळखणारा गॅलियमचा डोटाटेट स्कॅन आपल्या मोठ्या शहरांत न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी नेहमी होतो, आणि अमेरिकेत थायरॉइडच्या कर्करोगावरील एका कार-टी चाचणीत हेच जनुक वापरले गेले आहे. यातही प्लीहा आणि मूत्रपिंड आपसूक उजळतात. निर्दोष जनुक कुठलेच नाही. कुठल्या आजाराला कुठले, हे ठरवायला आपल्याकडेच अभ्यास व्हायला हवा, कारण तोंडाच्या कर्करोगाची निकड जितकी आपल्याला आहे तितकी बोस्टनला नाही.

याहून पुढची आशा सोनोग्राफीत आहे. पाण्यातले काही सायनोबॅक्टेरिया आणि खारट पाण्यातले काही सूक्ष्मजीव तरंगण्यासाठी प्रथिनाच्या पोकळ कुप्या बनवतात. भिंत दोनेक नॅनोमीटर जाडीची, आत हवा. ध्वनिलहरी हवेवरून परावर्तित होतात, म्हणून या कुप्या सोनोग्राफीत चमकतात. कॅल्टेकच्या मिखाइल शापिरो यांच्या गटाने २०१४मध्ये हे दाखवले, २०१८मध्ये त्या कुप्यांची जनुके आतड्यातल्या जिवाणूंत घातली आणि २०१९मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत. एका जनुकाने हे होत नाही, नऊ जनुकांचा संच लागतो, म्हणून ते अवघड. माणसात हे अजून आलेले नाही. कवटीच्या आत आणि फुप्फुसात सोनोग्राफी पाहू शकत नाही, ही मर्यादाही राहणारच. पण यकृत, मान, काख यांच्यासाठी किरणोत्साराशिवाय, वारंवार आणि तालुक्याच्या गावीही तपासता येणारी पद्धत म्हणजे आपल्यासारख्या देशाचे निम्मे काम झाले. या संशोधनावर आपण आत्ताच पैसा लावला पाहिजे, वीस वर्षांनी परवाना विकत घेण्यापेक्षा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. तीस-चाळीस लाखांच्या उपचारात स्कॅनचा खर्च हजारांत असतो. आणि न पोहोचणाऱ्या पेशी रुग्णामागून रुग्णाला देत राहण्याचा खर्च कुणी मोजतो का?

एक सीमा मात्र मला आखायची आहे. ज्या पेशी औषध म्हणून आधीच बदललेल्या आहेत, त्यांत दिसण्याचे जनुक घालावे. केवळ पाहता यावे म्हणून माणसाच्या शरीरातल्या निरोगी पेशींची जनुके बदलू नयेत. ‘आजार लवकर कळेल’ या आश्वासनावर निरोगी माणसांना जनुक बदललेले जिवाणू पाजायचे प्रयोगही उद्या येतील, उंदरांत ते झालेले आहेत. ते जिवाणू शौचावाटे बाहेर पडतात, गटारात जातात, पाण्यात जातात. तिथे पर्यावरण कायद्याखालचे १९८९चे नियम काटेकोर लावले पाहिजेत. निदानाच्या तंत्राला कायद्याचे कुंपण उशिरा पडले की काय होते, हे महाराष्ट्राइतके कुणाला ठाऊक असणार? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये आपल्या राज्याने केला, आणि तोवर कितीतरी मुली जन्माला यायच्या राहून गेल्या होत्या.

भारताची जनुकोपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे २०१९ची आहेत. ती सुधारली जातील तेव्हा त्यांत एक कलम असावे. घट्ट गाठींवरील पेशी-उपचाराच्या पहिल्या दोन टप्प्यांच्या चाचणीला सरकारी निधी मागणाऱ्याने पेशी शरीरात कशी पाहणार ते सांगावे, आणि पाहणार नसेल तर का नाही त्याचे शास्त्रीय कारण लेखी द्यावे. जमलेली चित्रे रुग्णाची ओळख काढून देशातल्या सर्व संशोधकांना खुली असावीत, कारण ती सार्वजनिक पैशातून आलेली आहेत.

आणि ती चित्रे सर्वांत आधी रुग्णाची आहेत. आज चाचणीतल्या रुग्णाला संमतिपत्राच्या वीस-पंचवीस पानांवर सह्या करायला लावतात, पण ‘तुमच्या पेशी कुठे गेल्या हे तुम्हाला सांगू’ असे एक वाक्य त्यात असायला हवे. रुग्णाला समजेल अशा मराठीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत. पेशी गाठीपर्यंत पोहोचल्या नाहीत हे तिसऱ्या दिवशी कळले, तर उरलेला वेळ दुसऱ्या औषधासाठी वापरायचा की घरी जायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. रुग्ण दगावला तर त्याच्या घरच्यांनी मागितल्यावर ती चित्रे आणि त्यांचा अर्थ सांगणारा डॉक्टर त्यांना मिळाला पाहिजे, आणि तेही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करत बसावे न लागता.